जी-५५०० रोटेटर संगणकाला जोडणे: तयार इंटरफेस घ्यावा की अर्डुइनो?

गच्चीकर

नमस्कार मंडळी. एका ज्येष्ठ हॅमनी (हौशी रेडिओवाल्यांनी) आपलं स्टेशन आवरतं घेतलं आणि त्यांचा याएसू जी-५५०० रोटेटर (अँटेना फिरवणारा मोटरींचा संच) माझ्याकडे आला. दोन्ही मोटरी ठणठणीत आहेत, घरातल्या कंट्रोलच्या डब्यावरचे काटेही नीट हलतात. केबल तेवढी नवीन टाकावी लागली. गच्चीवर आडव्या बूमच्या (दांड्याच्या) एका टोकाला १४५ मेगाहर्ट्झसाठी पाच एलिमेंटची यागी अँटेना आणि दुसऱ्या टोकाला ४३५ साठी दहा एलिमेंटची.

सध्या सगळं हातानं चालतं. स्पेस स्टेशनच्या रिपीटरवर (वर जाताना १४५.९९०, खाली येताना ४३७.८००, टोन ६७ हर्ट्झ) बोलणं होतं. पण पास (स्टेशन उगवून मावळेपर्यंतचा वेळ) जास्तीत जास्त दहा मिनिटांचा. त्यात माइक सांभाळा, डॉपलरमुळे दहा किलोहर्ट्झ वरून दहा किलोहर्ट्झ खाली घसरणारी फ्रिक्वेन्सी डायलनं पकडा, आणि मधेमधे खटके दाबून अँटेना सरकवा. रोटेटरचं काम संगणकाकडे गेलं तर बरं होईल. लिनक्सवर जीप्रेडिक्ट (उपग्रह कुठे आहे ते सांगणारा प्रोग्राम) आधीपासून आहे.

याएसूचा स्वतःचा जीएस-२३२बी इंटरफेस घ्यावा का? त्याची किंमत बघून हात मागे येतो. अर्डुइनोवर (छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर) करायचं म्हटलं तर डबा उघडून आत सोल्डर मारावं लागेल का? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

शॉर्टवेव्हकाका

डबा उघडू नकोस. फिरवून त्याची पाठ बघ. ‘एक्स्टर्नल कंट्रोल’ लिहिलेलं आठ पिनांचं गोल डिन सॉकेट दिसेल. तुला लागणारं सगळं तिथेच आहे.

पिन २ म्हणजे उजवीकडे, ४ म्हणजे डावीकडे, ३ वर, ५ खाली. यातली हवी ती पिन ८ ला टेकवली की त्या बाजूची मोटर फिरायला लागते, सोडली की थांबते. पुढच्या खटक्यांचंच काम मागून. पिन ६ वर दिशेच्या काट्याचं व्होल्टेज मिळतं, पिन १ वर उन्नतीच्या (वर-खालीच्या कोनाच्या). ८ म्हणजे कॉमन. ७ वर डबा थोडासा डीसी पुरवठा देतो, त्याच्या नादी लागू नकोस.

म्हणजे चार बटणं दाबायची आणि दोन व्होल्टेज वाचायची. जीएस-२३२ तरी दुसरं काय करतो? तेच करतो, फक्त सिरियल पोर्टवरून हुकूम घेऊन.

डिन प्लगबद्दल एक सांगतो. पिनांचे क्रमांक ओळीनं नसतात. गोल फिरत १, २, ३ मोजत गेलास तर ‘उजवीकडे’च्या जागी ‘वर’ लावून बसशील. प्लगच्या प्लास्टिकवर बारीक आकडे कोरलेले असतात, ते भिंगातून बघ. शिवाय सॉकेटचं चित्र समोरून काढलेलं आणि सोल्डर तू मागून करणार, म्हणजे डावं-उजवं उलटं.

लूपबॅक

+१. अर्डुइनोच घे. कोड लिहायचीही गरज नाही, के३एनजी या कॉलसाइननं ओळखलं जाणारं खुलं फर्मवेअर आहे. त्यात जीएस-२३२ची नक्कल करता येते, म्हणजे संगणकाला वाटतं की समोर याएसूचाच इंटरफेस बसलाय. आपल्याला काय हवं ते एका फाइलमध्ये चालू-बंद करायचं, कुठल्या पिनला काय जोडलं ते दुसऱ्या फाइलमध्ये, आणि कॅलिब्रेशनचे आकडे तिसऱ्या. फक्त ऊनो (अर्डुइनोचा छोटा बोर्ड) घेऊ नकोस. उन्नती, डिस्प्ले वगैरे चालू केलं की त्याची मेमरी पुरत नाही. मेगा २५६० घे.

हुकूम अगदी साधे आहेत, टर्मिनलमधून हातानं देऊन बघता येतात. आर म्हणजे उजवीकडे, एल डावीकडे, यू वर, डी खाली, एस म्हणजे सगळं थांबव. ‘डब्ल्यू१८० ०४५’ दिलं की दिशा १८०, उन्नती ४५. ‘सी२’ दिलं की सध्याची दिशा आणि उन्नती परत येते. त्या उत्तराची मांडणी ए आणि बी प्रकारात वेगळी असते, त्यामुळे फर्मवेअरमध्ये जो प्रकार निवडशील तोच पुढे हॅमलिबला (रेडिओ आणि रोटेटर चालवणाऱ्या लायब्ररीला) सांग. हॅमलिबमध्ये ए म्हणजे मॉडेल ६०१, बी म्हणजे ६०३.

जीप्रेडिक्ट रोटेटरशी थेट बोलत नाही. मधे हॅमलिबचा रोटसीटीएलडी हा प्रोग्राम चालू ठेवायचा आणि जीप्रेडिक्टला लोकलहोस्ट, पोर्ट ४५३३ द्यायचा. आधी हॅमलिबचं डमी रोटेटर (मॉडेल १) लावून जीप्रेडिक्ट त्याला नीट हुकूम देतोय का ते बघ, मग खऱ्या मोटरीला हात लाव.

अर्थिंग

धागाकर्ते, हार्डवेअरच्या बाजूनं चार गोष्टी. मी हॅम नाही, माझा नवरा हॅम आहे. पण घरातल्या वायरी मी जोडते.

रिलेचं ते निळं मॉड्यूल बहुतेक सगळेच घेतात, तुम्हीही घ्याल. ती मॉड्यूल्स उलटी चालतात: इनपुट शून्यावर नेलं की रिले ओढला जातो. आता मायक्रोकंट्रोलरची पिन नुसती आउटपुट केली की ती आधी शून्यावरच येते. म्हणजे प्रोग्राम सुरू होताना क्षणभर चारही रिले टकटक करून ओढले जाणार, डावं-उजवं एकदम. म्हणून पिनची पातळी आधी वर करून ठेवायची आणि मग ती आउटपुट करायची. तयार फर्मवेअर असलं तरी पहिल्यांदा मोटरी न जोडता, रिलेचे दिवे बघत चालू करा.

दुसरं म्हणजे डावा आणि उजवा रिले एकाच वेळी लागणार नाही याची हमी प्रोग्रामवर सोडू नका. उजव्या रिलेची वायर डाव्या रिलेच्या ‘नॉर्मली क्लोज्ड’ संपर्कातून न्या आणि डाव्याची उजव्याच्या. एक ओढला गेला की दुसऱ्याची वाट आपोआप तुटते. वायरीचे दोन तुकडे लागतात, बाकी खर्च नाही. वर-खालीसाठीही तसंच.

दिशा उलटवण्याआधी मोटर पूर्ण थांबू द्यायची. अँटेना गच्चीवर जडत्वानं थोडी पुढे जाते, त्याच क्षणी उलटा करंट दिला की झटका गिअरला बसतो. फर्मवेअरमध्ये यासाठी विलंब ठेवता येतो, तो शून्य करू नका.

आणि लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा असेल तर यूएसबीच्या धातूला हात लावून बघा, बऱ्याचदा बारीक झिणझिण्या येतात. तो गळका करंट रोटेटरच्या कॉमनमधून मास्टच्या अर्थिंगकडे वाट शोधतो. सरळ यूएसबी आयसोलेटर घ्या. पावसाळ्यात गडगडायला लागलं की दोन्ही केबल्स डब्यातून काढून ठेवायच्या, त्याला पर्याय नाही.

शॉर्टवेव्हकाका

अर्थिंगताईंशी सहमत, फक्त रिले कशाला? पाठीमागच्या पिना मोटरचा करंट वाहत नाहीत. त्या डब्यातल्या रिलेच्या कॉइलला खाली ओढतात, एवढंच. एक यूएलएन२८०३ (आठ ट्रान्झिस्टरांची चिप) टाकला की काम झालं, उलट्या व्होल्टेजचे डायोड त्याच्या पोटातच असतात. बीसी५४७ ट्रान्झिस्टरनंही होईल, पण पिन ८ ला टेकवताना किती करंट जातो ते आधी मल्टिमीटरनं मोज. पुण्याच्या तापकीर गल्लीत दोन्ही मिळतात, वर चहा पिऊन परत येता येतं.

अर्थिंग

काका, यूएलएननं चालेल, वाद नाही. पण मग वरचं वायरीचं इंटरलॉक करता येत नाही, सगळा भरवसा प्रोग्रामवर. मला रिलेचा ‘टक्’ ऐकू आलेला आवडतो.

शॉर्टवेव्हकाका

रात्री दोन वाजताच्या पासला तुमचा तो ‘टक्’ घरातल्या बाकीच्यांनाही ऐकू येतो. :)

गच्चीकर

काका, ताई, लूपबॅक, मनापासून आभार. मागचं सॉकेट सापडलं. आता व्होल्टेजचा प्रश्न. पुस्तिकेत लिहिलंय की पिन ६ वर ० ते ४५० अंशांसाठी २ ते ४.५ व्होल्ट मिळतात. म्हणजे शून्य अंशाला २ व्होल्ट का? तसं असेल तर अर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पट्टीतली निम्मीच वापरात येते. बाहेरून १६ बिटांचा एडीएस१११५ (व्होल्टेज वाचणारी चिप) लावावा का?

लूपबॅक

पुस्तिका बाजूला ठेव आणि मल्टिमीटर लाव. डब्याच्या पाठीला ‘आउट व्होल’ नावाचे दोन बारीक स्क्रू आहेत, एक दिशेचा, एक उन्नतीचा. रोटेटर घड्याळाच्या उलट अगदी टोकाला ने, मोज. मग दुसऱ्या टोकाला ने आणि तो स्क्रू फिरवून बघ. त्या वाक्याचा खरा अर्थ दोन मिनिटांत कळेल: टोकाचं व्होल्टेज या स्क्रूनं कमीजास्त होतं.

टोकाला साडेचार व्होल्ट ठेवलेस तर १० बिटांत साधारण ९२० पायऱ्या मिळतात. ४५० अंशांना भागलं की एक पायरी अर्ध्या अंशाची. स्क्रू पार खाली ठेवून दोनच व्होल्ट घेतलेस तर एक पायरी अंशाहून जास्त. उन्नती १८० अंशच असल्यामुळे तिथे तर अजून बारीक.

एडीएस१११५ चांगलाच आहे. पण आधी इनपुटवर एक किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड टाक, दहा-पंधरा वाचनांची सरासरी घे. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

शॉर्टवेव्हकाका

तुमची ही अर्ध्या अंशाची मारामारी कशासाठी चाललीय? त्याच्या दहा एलिमेंटच्या यागीचा झोत तीस-चाळीस अंश रुंद. पाच एलिमेंटचा त्याहून रुंद. पाच अंश चुकलास तर एस मीटरला (सिग्नल मोजणाऱ्या काट्याला) पत्ताही लागणार नाही. पॉटेन्शियोमीटर, गिअरमधली ढील, वाऱ्यानं वळलेला मास्ट, या सगळ्यांची मिळून चूक दोन-तीन अंशांची असतेच. १६ बिट लावून त्या चुकीचे आणखी बारीक तुकडे मोजणार, बाकी काही नाही. चंद्रावरून सिग्नल परतवायचा असेल किंवा दहा गिगाहर्ट्झची डिश असेल, तर गोष्ट वेगळी.

आणि रोटेटर सारखा अर्धा-अर्धा अंश सरकवत राहिलास तर मोटर आणि पॉट दोन्ही झिजतील. जीप्रेडिक्टच्या रोटेटरच्या खिडकीत सहनशीलतेचा आकडा (किती अंश चुकलं की हलवायचं तो) असतो, तो पाच अंशांखाली नेऊ नकोस.

लूपबॅक

काकांचा मुद्दा मान्य, त्याला हिशेबाची जोड देतो. स्पेस स्टेशन साधारण ४१० किलोमीटरवर. डोक्यावरून जाताना आकाशात सेकंदाला एक अंश या वेगानं सरकतं, तेवढं कुठलाही रोटेटर पकडेल. पण दिशेच्या मोटरला आकाशातला वेग दिसत नाही, तिला क्षितिजावरचा कोन दिसतो. पास जर कमाल ८० अंशांपर्यंत चढणारा असेल, तर माथ्यावर दिशा सेकंदाला जवळपास सहा अंशांनी बदलते. आपल्या ५० हर्ट्झवर जी-५५०० एक फेरा घ्यायला मिनिटाहून जास्त घेतो, म्हणजे सेकंदाला पाचेक अंश. ८० च्या वरच्या पासला तो मागे पडणारच, इंटरफेस कितीही भारी असू दे. मात्र त्या वेळी अँटेना जवळजवळ सरळ वर बघत असते, त्यामुळे दिशा चाळीस अंश चुकली तरी प्रत्यक्ष झोत उपग्रहापासून फार लांब गेलेला नसतो. म्हणून सिग्नल टिकतो.

नवशिका_नगर

वाचतोय. वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: ३६० अंश पुरेसे असताना याला ४५० कशाला दिलेत? आणि उन्नती १८० कशाला? आकाश तर ९० वर संपतं.

लूपबॅक

बाळबोध अजिबात नाही, संगणक लावला की पहिली ठेच इथेच लागते. समज पास वायव्येला ३१५ अंशांवर उगवला, उत्तरेवरून गेला आणि पूर्वेकडे ६० अंशांवर मावळला. ३६० च्या रोटेटरला उत्तरेला पोचल्यावर पूर्ण उलटा फेरा मारून शून्यावर यावं लागतं. तेवढ्यात मिनिटभर गेलं आणि पासचा गाभा हुकला. ४५० असेल तर तो ३१५ वरून सरळ ४२० पर्यंत जातो. पण उलट दिशेचा पास, म्हणजे ईशान्येला ४५ वर उगवून उत्तरेवरून पश्चिमेला जाणारा, असेल तर सुरुवातीलाच ४०५ वर जाऊन उभं राहायला हवं. हे शहाणपण फर्मवेअरमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये कुठेतरी असावं लागतं. दोन्हीकडे चालू केलंस तर दोघं एकमेकांच्या विरुद्ध ओढतात.

१८० उन्नतीचा उपयोग वेगळा. दिशा ३०, उन्नती ४० हाच बिंदू दिशा २१०, उन्नती १४० असाही गाठता येतो, अँटेना मागे कलवून. मग उत्तरेची शिवण ओलांडावीच लागत नाही. याला फ्लिप म्हणतात. मात्र कोॲक्सला (अँटेनाच्या केबलला) तेवढा झोळ ठेवायला हवा, नाहीतर पहिल्याच फ्लिपला कनेक्टर उपटला जाईल.

शॉर्टवेव्हकाका

अवांतर: ज्यांना हे सगळं नको त्यांनी क्यूओ-१०० हा हॅमचा उपग्रह धरावा. २५.९ अंश पूर्वेला एकाच जागी उभा आहे. पुण्यातून दिशा २५४, उन्नती ३२ च्या आसपास. डिश एकदा घट्ट करा आणि रोटेटर विकून टाका.

गच्चीकर

काका, रोटेटर विकायचा नाहीये. :) बोर्ड आणलाय, रिले आणि इंटरलॉक ताईंनी सांगितलं तसं. रिलेचं मॉड्यूल एका जुन्या स्पीकरच्या लाकडी खोक्यात बसवलंय, टकटक बरीच दबते.

दोन अडचणी आहेत. (१) जीप्रेडिक्टमधून ‘एंगेज’ केलं की पहिले काही सेकंद काहीच होत नाही आणि दिशा मधेच शून्य दाखवते. (२) १४५ वर पीटीटी (बोलायचं बटण) दाबला की दिशेचा आकडा वीस-तीस अंशांनी उडतो, सोडला की जागेवर येतो. उन्नती मात्र स्थिर. पाच वॅटवर कमी उडतो, पंचवीसवर जास्त.

लूपबॅक

पहिली अडचण रोटेटरची नाही. सिरियल पोर्ट उघडला की बोर्ड रीसेट होतो, ती अर्डुइनोची सवयच आहे. रोटसीटीएलडी एकदा चालू करून चालूच ठेव, म्हणजे पोर्ट एकदाच उघडेल. तरी त्रास असेल तर रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाक, धन बाजू रीसेटकडे. नवीन प्रोग्राम चढवताना तो काढावा लागतो, म्हणून जंपरवर लाव.

आणि पोर्टचं नाव ‘टीटीवाययूएसबी०’ असं देऊ नकोस. उद्या रिग कंट्रोलची केबल आधी लागली की ते नाव तिला जाईल आणि रोटेटरचे हुकूम रेडिओला. ‘बाय-आयडी’ फोल्डरमधलं लांबलचक नाव दे.

अर्थिंग

दुसरी अडचण आरएफची (रेडिओलहरींची) आहे. पॉवरप्रमाणे कमीजास्त होते यावरूनच दिसतं. दिशेची केबल १४५ च्या कोॲक्ससोबत एकाच पाइपातून खाली येते का? उन्नतीची वेगळी येत असेल तर ती स्थिर का हेही उलगडलं.

आधी फुकटचा उपाय: दोन्ही केबल्स जमेल तितक्या लांब करा. मग डिन सॉकेटपासून बोर्डापर्यंतची तार शील्डवाली घ्या, शील्ड डब्याच्या बाजूला एकाच टोकाला जोडा, आणि बोर्डाच्या अगदी पायाशी पिन ६ आणि ८ मध्ये ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक. फेराइटच्या कड्यातून रोटेटरच्या केबलचे पाच-सहा वेढे. सरासरीनं हे झाकायला जाऊ नका. आरएफनं आकडा एकाच बाजूला सरकत असेल तर सरासरीही तिकडेच सरकते.

बोर्ड प्लास्टिकच्या डब्यात असेल तर पत्र्याच्या डब्यात हलवा.

डॅलसचा मराठी

उशिरा आलो. इथे टेक्सासमध्ये माझ्याकडे हाय-गेनचा हॅम-४ रोटेटर आहे, २० मीटर बँडच्या बीम अँटेनाखाली. जी-५५०० वाल्यांना मागच्या सॉकेटची चैन आहे, आमच्या डब्याला ते सॉकेटच नाही. म्हणून दोन ओळी लिहितो, इथल्या कोणाकडे तो असेल तर उपयोग होईल.

यात ब्रेक आहे. सोलेनॉइड एक पाचर उचलतं, मगच मोटर फिरायची. डब्यावर तीन खटके: मधला ब्रेक सोडायचा, बाजूचे डावं-उजवं. संगणकानं चालवताना क्रम असा हवा: ब्रेक उचल, क्षणभर थांब, मोटर लाव, मोटर बंद कर, अँटेना जडत्वानं फिरायची थांबेपर्यंत काही सेकंद वाट बघ, आणि मगच ब्रेक टाक. फिरत्या बीमवर पाचर पडली की दातेरी कडं तुटतं. हातानं चालवणारे घाईत नेमकं हेच करतात, त्यामुळे इथे संगणक माणसापेक्षा बरा, कारण तो दरवेळी वाट बघतो. पाचर अडकून बसली तर ब्रेक उचलून धरत उलट दिशेनं एक छोटा धक्का द्यायचा.

दुसरं, यात ५०० ओहमच्या पॉटची दोन टोकं ३ आणि ७ वर येतात आणि मधला सरकता हात १ वर. पण १ ही ब्रेक आणि मोटरचीही कॉमन तार आहे. ब्रेक सोडला की त्या तारेतून जोरदार करंट जातो, तिच्यात व्होल्टेज पडतं आणि काटा थोडा उडी मारतो. केबल लांब आणि बारीक असेल तर जास्तच. त्यामुळे सोलेनॉइडच्या दोन तारा, १ आणि २, जाड घ्यायच्या आणि खरी दिशा मोटर आणि ब्रेक दोन्ही बंद असताना वाचायची. मीटरचं ग्राउंड आणि अर्डुइनोचं ग्राउंड डोळे झाकून एकत्र करू नका.

मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही अशी तक्रार असेल तर रोटेटर खाली उतरवण्याआधी डब्यातला मोटरचा कपॅसिटर बदला, १२० ते १४० मायक्रोफॅरडचा, बिनध्रुवी. जुन्या डब्यांत तो वाळलेला असतो.

शॉर्टवेव्हकाका

डॅलसकर, छान लिहिलंत. त्या कपॅसिटरसाठी आपल्याकडे अमेरिकेहून पार्सल मागवायची गरज नाही. पाण्याच्या पंपाचं सामान विकणाऱ्या दुकानात मोटर स्टार्टचा १२०-१५० चा मिळतो. आणि हाय-गेनची मालकी ज्या एमएफजेकडे होती त्यांनी २०२४ मध्ये मिसिसिपीतलं उत्पादन थांबवलं, तेव्हा यापुढे जुने डबे जपणं आलंच. आणखी एक: आपल्याकडे येणारा सेकंडहँड डबा १२० व्होल्टचा असतो. पाटी वाचल्याशिवाय भिंतीत खुपसू नका.

नवशिका_नगर

उत्तर दिशा कशी ठरवायची? फोनचं होकायंत्र गच्चीवर दर वेळी वेगळं सांगतं.

शॉर्टवेव्हकाका

लोखंडी मास्टशेजारी उभं राहून होकायंत्र बघशील तर दुसरं काय होणार? महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे मास्टपासून लांब जाऊन बघितलंस तर होकायंत्र पुरेल. त्यापेक्षा चांगलं म्हणजे सूर्य. जीप्रेडिक्ट किंवा कुठलंही खगोलाचं ॲप सूर्याची त्या क्षणाची दिशा सांगतं. सकाळी आठ-नऊला यागीच्या स्वतःच्या दांड्याची सावली बघायची, तो सूर्याकडे रोखला की सावली आखडून अगदी छोटी होते. तोच आकडा डब्यावर यायला हवा. दुपारी बाराला हे करू नकोस. मे महिन्यात आपल्याकडे शून्य सावलीचे दिवस येतात, सूर्य डोक्यावर असताना दिशेला काही अर्थच उरत नाही. रात्री ध्रुवतारा आहेच, नगरहून क्षितिजाच्या वर साधारण १९ अंश. तिथे उन्नतीही तपासून होते.

गच्चीकर

मंडळी, चालू झालं. नंतर वाचणाऱ्यांसाठी शेवटी काय ठेवलं ते लिहितो.

मेगा २५६०, जीएस-२३२बी ची नक्कल, ९६०० बॉड. चार रिले, आडवं इंटरलॉक. दिशेचं टोकाचं व्होल्टेज ४.५ ला लावलं, उन्नतीचंही तेवढंच. आधी ‘फुल स्केल’च्या स्क्रूनं डब्याचा काटा जुळवला आणि मग ‘आउट व्होल’, या क्रमानं. कॅलिब्रेशन टर्मिनलमधून: डाव्या टोकाला ओ, उजव्या टोकाला एफ, उन्नतीसाठी ओ२ आणि एफ२. नंतर सूर्यावर तपासलं, दिशेत तीन अंशांचा फरक निघाला तो मास्टची पकड ढिली करून काढला, सॉफ्टवेअरमध्ये नाही.

आरएफचा त्रास केबल वेगळी केल्यावर बराच कमी झाला आणि फेराइट घातल्यावर गेला. एडीएस१११५ लावला नाही.

जीप्रेडिक्टमध्ये सहनशीलता पाच अंश. उत्तरेचा निर्णय फर्मवेअरकडे ठेवलाय. काल स्पेस स्टेशनचा पास वायव्येकडून आला, रोटेटर न अडखळता उत्तर ओलांडून गेला आणि मी दोन्ही हातांनी डॉपलरच्या मागे होतो. आता रेडिओची फ्रिक्वेन्सीही हॅमलिबकडेच द्यावी म्हणतो, पण त्याला वेगळा धागा काढेन.

नवशिका_नगर

अभिनंदन दादा! माझ्याकडे एकच दिशेचा जी-४५० आहे, त्याला मागे ते गोल सॉकेट नाही. म्हणजे माझ्यासाठी दार बंद?

अर्थिंग

बंद नाही, पण तुमचा डबा उघडावा लागेल, आणि तो उघडताना प्लग भिंतीतून पूर्ण काढलेला हवा. झाकण काढल्यावर आधी बघा की खटके थेट मोटरचा एसी जोडतात का. तसं असेल तर यूएलएन किंवा ट्रान्झिस्टर चालणार नाही. खटक्यांना समांतर रिलेचे संपर्कच लावावे लागतील, आणि ते मोटरच्या करंटला पुरतील असे. इंटरलॉक इथे तर हवंच.

दिशा काट्याच्या मीटरला येणाऱ्या तारेवरून घ्यायची. त्या तारेवर किती व्होल्ट आहेत आणि ते कशाच्या संदर्भात आहेत हे मोजल्याशिवाय अर्डुइनोला टेकवू नका. पाचच्या वर असेल तर दोन रेझिस्टरचं डिव्हायडर, दोन्ही मिळून शंभर किलोओहमच्या आसपास ठेवा. कमी ठेवलंत तर मीटरचा काटाच खाली बसेल आणि तुम्ही चुकीच्या काट्यावर कॅलिब्रेशन कराल. झाकण काढल्यावर आतले फोटो इथे टाका, मग कुठल्या ठिकाणी काय जोडायचं ते ठरवू.